ताई, तुमचे भोपळे माझ्याकडे आहेत

विमलताई,

तुमचे भोपळे माझ्याकडे आहेत आणि सुखरूप आहेत. हे आधी सांगून टाकते, कारण तुम्ही असता तर दुसरं काही ऐकूनच घेतलं नसतंत. तुमच्या जलदान विधीला सगळे तुमच्याबद्दल फार चांगलं बोलले. शांत होत्या, सोशिक होत्या, कधी कुणाला दुखावलं नाही म्हणे. मी मागे बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, ही कोण बाई? माझ्या मोठ्या जाऊबाई तर एका वाक्यात समोरच्याची बोलती बंद करायच्या. तिथे मी काही बोलले नाही. भंतेजींसमोर कशाला वाद? आता बोलते.

विधीनंतर घर आवरायला शेजारच्या चार बायका वर आल्या. चांगल्या मनाने आल्या होत्या, मी नाही म्हणत नाही. त्यांनी तुमची मागची गॅलरी उघडली, जाळीचं कपाट उघडलं आणि आत लाल भोपळे, वर पांढरं पांढरं साठलेलं. "अगं बाई, केवढी बुरशी! नासले बिचारे. आता कोण बघणार?" असं म्हणत एकीने पोतं आणलंसुद्धा. मी तोपर्यंत दगडासारखी बसले होते. डोळ्यांतून टिपूस नाही. पण पोतं बघितलं आणि उठले. "त्याला हात लावायचा नाही," म्हणाले. आवाज बहुतेक फार चढला, कारण भाऊजी आतून घाबरून बाहेर आले.

मग त्यांना समजावून सांगणं आलं. तुम्ही मला जसं सांगितलं होतंत तसंच सांगितलं. तुतीवर पिठ्या ढेकूण नावाची कीड पडते. कापसाच्या बोळ्यासारखी दिसते, कोवळ्या शेंड्याला चिकटून रस शोषते, मग पानं आकसतात, मुरगळतात आणि रेशमाच्या अळीला खायला काही उरत नाही. या पिठ्याला खाणारा एक छोटा ढालकिडा असतो, काळपट, डोक्याकडून नारिंगी. तो वाढवायचा तर त्याला रोज पिठ्या खायला घालावा लागतो. आणि घरात पिठ्या वाढवायचा तर लाल भोपळ्यासारखी जागा नाही. "म्हणजे विमलताई घरात कीड पाळायच्या?" त्यातली एक म्हणाली. मी म्हटलं, "हो. कीड मारायला." त्या एकमेकींकडे बघत चहा न घेताच गेल्या. बिबवेवाडीत आता आपल्या घराबद्दल काय काय बोललं जात असेल ते असो.

त्यांना तरी काय हसू? मी वर्ध्याहून लग्न होऊन आले तेव्हा मीही अशीच बघत राहिले होते. खाली आम्ही, वर तुम्ही. मला वाटलं होतं पुण्याची शिकलेली जाऊ, रेशीम खात्यात नोकरीला, म्हणजे घरात रेशमी साड्यांचं कपाट असेल. कपाट होतं, पण त्यात हे. तुम्ही मला भिंग दिलंत आणि म्हणालात, "बघ. भिऊ नको, चावत नाहीत. पुण्यातल्या माणसांपेक्षा बरे आहेत." त्याच आठवड्यात मी नळावर "का" म्हणायच्या जागी "काहून" म्हणाले आणि दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्या. तुम्ही जिन्यावरून ऐकलंत. खाली न येताच म्हणालात, "तिला तिची मराठी येते आणि तुमचीही समजते. तुम्हाला एकच येते आणि तीही धड गोड नाही." त्यानंतर नळावर मला कुणी हसलं नाही. मी तुम्हाला थँक्यू म्हटलं नव्हतं. आपल्यात तशी रीत नव्हती, आणि म्हटलं असतं तर तुम्ही "हे काय नवीन?" म्हणाला असतात.

मग माझे हे गेले. तो काळ मला नीट आठवत नाही, पण तुम्ही आठवता. लोक म्हणत होते, तिला जरा बसू द्या घरात. आपण बुद्धाला मानणारी माणसं, आपल्यात विधवेने कोपऱ्यात बसायची रूढी नाही, हे सगळ्यांना पाठ होतं, तरी म्हणतच होते. तुम्ही एका सकाळी खाली आलात, हातात छत्री दिलीत आणि म्हणालात, "मला तुतीच्या शेतावर जायचंय. ऊन फार आहे. छत्री धरायला कुणी नाही." मी आले. पुढच्या खेपेलाही आले. उन्हाळा सरला, पावसाळा गेला, हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हातही तुम्हाला छत्री धरायला माणूस लागत होतं, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. तरी मी काही बोलले नाही आणि तुम्हीही नाही. तुम्ही निवृत्त झालात, पण तुमच्या फेऱ्या थांबल्या नाहीत आणि माझंही छत्री धरणं थांबलं नाही. ताई, त्या छत्रीने मला माणसांत ठेवलं. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

तुमची कामाची पद्धत मात्र भलतीच. माणसं घाबरीघुबरी होऊन बोलावणार, शेत पांढरं झालंय म्हणून रडकुंडीला येणार, आणि तुम्ही काय करणार, तर झाडापुढे स्टूल टाकून बसणार. औषधाचं नाव नाही. "सुनंदा, मुंग्या कुठून कुठे चालल्यात बघ." मला आधी वाटायचं, आपल्याला कामाला लावायचं म्हणून काहीतरी सांगतात. मग कळलं. पिठ्याच्या अंगातून गोड चिकट रस पाझरतो, मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात त्याची राखण करतात. ढालकिडा आला की त्याला हाकलून लावतात. मी म्हटलं, "म्हणजे यांनी वॉचमन ठेवलाय." तुम्ही म्हणालात, "हो, आणि आपल्या वॉचमनसारखा झोपत नाही."

भाऊजींचा तो पराक्रम आठवतो का? मी विसरणं शक्यच नाही. तुम्ही दोन दिवस कुठल्या तरी सभेला गेला होतात. भाऊजींना वाटलं, बायको एवढी राबते, आपण तिची गॅलरी आवरावी. त्यांनी एकेक भोपळा बाहेर काढला, ब्रशने घासला, साबणाने धुतला, कोरड्या फडक्याने पुसला आणि ओळीने मांडून ठेवला. नवे कोरे चकचकीत भोपळे. महिनोन्‌महिने जपून वाढवलेली वस्ती एका दुपारी मोरीत वाहून गेली. तुम्ही आलात, बघितलंत आणि खुर्चीवर बसलात. भाऊजी शेजारी उभे, शाबासकीची वाट बघत. मी दाराआडून बघत होते. मग तुम्ही म्हणालात, "छान धुतलेत. आता भाजी करा." आणि खरंच त्या आठवडाभर दोन्ही मजल्यांवर भोपळ्याची भाजी होती, भरीत होतं, घारगे होते. दुसऱ्या कुणाच्या घरी असं झालं असतं तर भांडी आपटली असती. परवा भाऊजी एकटेच गॅलरीत उभे होते. मी गेले तर म्हणाले, "यांना पाणी लावायचं नसतं, मला माहीत आहे आता." मला त्यांच्याकडे बघवेना.

आता भांडणाचं. ते अर्धवट राहिलंय आणि मी ते सोडणार नाही.

तुमचं एकच पालुपद होतं, "थांब, आधी बघ." फवारायला निघालेल्या माणसाचा हात धरून सांगायचात, थांब. मी त्यावर किती वेळा चिडले. समोर पीक जातंय आणि ही बाई म्हणते थांब. तुम्ही म्हणायचात, थांबणं म्हणजे झोपणं नाही, रोज येऊन बघायचं. बरं, पटलं. किडीच्या बाबतीत पटलं. पण छातीत जड वाटतंय असं तुम्ही मला जिन्यात म्हणालात, मी म्हटलं आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला, तेव्हा काय म्हणालात? "पित्त असेल. चार दिवस बघू." कोण बघत होतं हो, ताई? तुतीच्या पानाखालची अळी भिंग लावून शोधणारी बाई, स्वतःच्या छातीकडे तिने ढुंकून बघितलं नाही. चार दिवससुद्धा मिळाले नाहीत. मला तुमचा राग आला आहे. आभार मानायला बसले तरी तो मधे येतोच आहे, त्याला मी काय करू?

आणि वर जाताना तुम्ही मला त्या सविताच्या कामात अडकवून गेलात.

सविताला दिलेला शब्द तुमचा होता. खडकवासल्याच्या पुढे, रस्त्याला लागून तिचं तुतीचं रान. आपण दोघी गेलो तेव्हा निम्मी झाडं मुरगळली होती. तिच्या दिराला ती जागा रविवारच्या गर्दीसाठी हवी होती. शेजारी हॉटेल काढायचं आणि तुती उपटून गाड्या लावायला मोकळी जागा करायची, असा त्याचा बेत. त्यांच्या घरात ठरलंच होतं, या खेपेला तुती सुधारली नाही तर जाणार. सविता रडली नाही. एवढंच म्हणाली, "मग त्याच हॉटेलात मी भाकऱ्या थापायच्या. रेशीम माझं हाय ताई, माझ्या हातचं हाय." तुम्ही स्टूल मागवलंत.

"ही कीड आली कुठून?" तिने विचारलं. तुम्ही म्हणालात, "आली कुठून नाही. इथेच होती, चिमूटभर. तिला खाणारे होते म्हणून दिसत नव्हती." मग तुम्ही एकेक विचारत गेलात. पलीकडे लग्नाचं लॉन झालेलं, तिथे डासांसाठी रोज धुराचं मशीन फिरतं आणि वारा इकडचा. पानं लुसलुशीत व्हावीत म्हणून दिराने युरिया ओतलेला. धरणावर जाणाऱ्या गाड्यांची धूळ पानांवर बसलेली. आणि ऊन तर बघायलाच नको. तुम्ही दिराकडे बघून म्हणालात, "धुराने खाणारे मेले, धुळीने उरलेले पळाले, युरियाने पिठ्याला पंगत वाढली आणि उन्हाने त्याच्या पिढ्या भराभर झाल्या. यात पिठ्याची काय चूक?" बिघडलेले शेंडे खुडून जाळायला सांगितलेत, बांधावरची मुंग्यांची वारुळं मोडायला सांगितलीत, आणि म्हणालात, "किडे मी घेऊन येते. तोवर फवारायचं नाही." घरी येताना रिक्षात तुम्ही मला म्हणालात, "पुढच्या वेळी तू एकटी जा. तुला येतं सगळं." मी म्हटलं, "मला नाही येत." हे आपलं नेहमीचंच. त्यानंतर ते बोलणं परत झालं नाही.

तर किडे मी नेले. तुमच्यासारखी नळी तोंडात धरून किडा बरणीत ओढायची माझी छाती झाली नाही. मऊ कुंचल्याने एकेक उचलला, भाऊजींनी बरणी धरली आणि तोंडाला मलमलचं फडकं बांधलं. घरात अजून माणसं भेटायला येत होती आणि आम्ही दोघं किडे घेऊन रिक्षात. कुणी काय म्हणायचं ते म्हणो. ऊन उतरल्यावर मी ते झाडाझाडावर सोडले. सविताने हात जोडले. मी म्हटलं, "मला नको, ताईंना जोड." आणि मला वाटलं, सुटले. शब्द पाळला गेला.

कसली सुटते? दोन-तीन आठवड्यांनी सकाळी तिचा फोन. "वैनी, पिठ्या लई वाढलाय हो. पयल्यापेक्षा दुप्पट मोठा झालाय, नुस्ते लोकरीचे गोळे. कोष काढून झाल्यात, अळ्यांचं शेड मोकळं हाय, आता फवारलं तर अळ्यांचं काय बिघडत न्हाई. दीर पंप पाठीवर घेऊन उभे हायत. काय करू?"

"ताईंना विचारून सांगते," हे वाक्य अगदी ओठांवर आलं. जिन्याकडे बघितलंसुद्धा. मग ध्यानात आलं. आणि "थांब" म्हणायची हिंमत होईना. थांबून काय झालं ते मी नुकतंच बघितलं होतं. माझ्या एका शब्दावर ही पोरगी थांबली आणि तिची तुती गेली, तर मी कोणत्या तोंडाने तिच्या दारात उभी राहू? फवार म्हणावं, मोकळं व्हावं, असं मनात आलं. कोण मला नाव ठेवणार होतं? पण तुमचं ते पालुपद अर्धं नव्हतं ना. थांब, आधी बघ. मला शेत दिसत नव्हतं, पण सविताला दिसत होतं. आणि मग भिंग डोळ्यांपुढे आलं. ढालकिड्याचं पिल्लू तुम्ही मला दाखवलं होतंत, तेही पांढरं, तेही लोकरीने मढलेलं, दिसायला थेट पिठ्याच, फक्त थोराड. मुंग्यासुद्धा फसतात, तुम्ही म्हणाला होतात.

"सविता, एक काडी घे," मी म्हटलं. "सगळ्यांत मोठा गोळा बघ आणि त्याला हळूच टोच. पिठ्या असेल तर जागचा हलणार नाही, हलला तर कसाबसा. टोचलंस?"

"टोचलं."

"मग?"

पलीकडे दिराचं पुटपुटणं ऐकू येत होतं. मग सविता म्हणाली, "पळतंय हो वैनी. तुरुतुरु पळतंय. पानाच्या मागं गेलं."

"दुसऱ्याला टोच."

"ते बी पळतंय."

"ती ढालकिड्याची पिल्लं आहेत," मी म्हणाले. "पिठ्या खाऊन मोठी झालीत. फवारलंस तर तीच आधी मरतील आणि मग पिठ्याला रान मोकळं. पंप खाली ठेवायला सांग. रोज जाऊन बघ आणि रोज मला कळव."

दिराने फोन हिसकावून घेतला. "बाई, हे मोठ्या ताईंनी सांगून ठेवलंय का? की असंच आपलं?"

हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. तुमचं नाव घेतलं की तो माणूस वर बोलत नाही, मला माहीत होतं. पण तुम्ही हे सांगून ठेवलेलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "त्या आता नाहीत. मी सांगते आहे."

"उद्या तुती गेली तर?"

"तर माझ्या दारात या. मी कुठे जात नाही."

पलीकडे पंप जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

फोन ठेवला आणि मग मात्र मी रडले, ताई. तुम्हाला नेलं तेव्हा नाही, विधीला नाही, तेव्हा रडले. तुम्ही गेलात हे मला त्या सकाळी कळलं. भाऊजी खाली आले, चहा करून दिला. साखर विसरले होते. तसाच प्यायले.

परवा जाऊन आले, एकटीच. जुने शेंडे तसेच वाकडे आहेत, ते काही सुधारायचे नाहीत. पण त्यांच्या खालून नवी पानं फुटली आहेत, सरळ आणि रुंद. सविता नव्या अळ्यांसाठी शेड धूत होती. तुती उभी आहे, ताई.